प्रार्थनेत घ्यायचं नाव

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते. आम्ही सगळे ठीक. तुझ्या मठात फोन चालत नाही, म्हणून या आख्ख्या गल्लीत आमचंच एक घर पोस्टाची तिकिटं विकत आणतं. पोस्टातल्या माणसाची खात्री आहे की माझं कुणाशी तरी जुन्या पद्धतीचं प्रकरण चालू आहे. मी त्याला सांगितलं, अहो, आत्या आहे, नन आहे. तो म्हणाला, "सगळ्या असंच सांगतात."

आईचा गुडघा जसा होता तसाच. पप्पा शाळेच्या बसमधल्या पोरांवर ओरडून घसा बसवून घरी येतात आणि मग घरी आमच्यावर ओरडायला आवाज उरत नाही, हा आमचा फायदा. माझं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. दुकान मालकाचं आहे, पण उभी मीच असते. रोज एक गंमत बघते. जाड नंबरवाली माणसं नवी फ्रेम घालून आरशासमोर उभी राहतात, आणि फ्रेममध्ये अजून भिंग नसतं, त्यामुळे त्यांना स्वतःचं तोंडच दिसत नाही. मग मला विचारतात, "कशी दिसते हो?" हल्ली मात्र ते फोनने स्वतःचा फोटो काढतात, जुना चष्मा चढवतात आणि फोटो बघून ठरवतात. माझ्या मताला आता कुत्रं विचारत नाही.

आता मुख्य बातमी. तुझी धर्मकन्या, आपली धाकटी, प्रसिद्ध झाली आहे.

तुला माहीत आहे, धाकटीला बाराव्या वर्षापासून फिट येतात. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि तेव्हापासून एकदाही आली नाही. मेमध्ये तरुणांची प्रार्थनासभा होती. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती खूप रडली, आणि मग उठून माईकपाशी गेली नि साक्ष दिली. मी फोनवर ते टिपलं. आत्या, इतकं छान बोलली! वर्गात उत्तर देताना जिची बोबडी वळते, ती कान लाल करून म्हणाली, "मी गोळ्या फेकून दिल्या. मला गोळ्यांनी नाही, येशूने मोकळं केलं." तिने तो व्हिडिओ टाकला, नि बघता बघता हजारोंनी बघितला. कुणी तरी खाली लिहिलं, 'मोकळी'. तेच आता तिचं नाव झालंय. आता ती दर आठवड्याला बोलते आणि कुठल्या कुठल्या गावांतली पोरं तिला आपली दुःखं सांगतात. भांडी घासायची वेळ आली की मात्र बाईसाहेब मोकळ्या नसतात.

व्हिडिओ करताना ती चष्मा काढते. मग तिला काही म्हणजे काही दिसत नाही. बोलून झालं की चष्मा घालते आणि आपण कशा दिसलो ते बघते. मी म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकांत आणि तुझ्यात काय फरक? तिने उशी फेकून मारली.

एक गोष्ट सांगू का? साक्ष दिली त्या सकाळी तिने गोळी घेतली होती, माझ्यासमोर, चहाबरोबर. फेकली बिकली काही नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, बोलताना येतं तोंडात. लोकांना कळायला नको का देवाने काय केलं ते?" मीही हसले. पप्पाही गोष्ट सांगताना पदरचं घालतातच की.

तिचा एक हट्ट आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत तुम्ही लोकांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचता ना, त्यात तिचंही वाचायचं. तिने स्वतः लिहून दिलेली चिठ्ठी सोबत ठेवली आहे: 'मोकळी आणि तिला फॉलो करणारे सर्व.'

तुझी,
थोरली

(धाकटी मागून ओरडते आहे की तिचे पापे पाठव. पाठवले.)


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र आणि परत आलेली चिठ्ठी, दोन्ही मिळालं. 'या नावाची मुलगी आपल्या घरात नाही. जी आहे तिचं नाव मी रोज घेते,' असं तू चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलंस, ते वाचून मी आणि आई हसलो. धाकटी फणकारली. म्हणाली, "आत्याने नाही का मठात जाताना नाव बदललं?" मी म्हटलं, तिला ते दुसऱ्यांनी दिलं. ती म्हणाली, "मलाही दुसऱ्यांनीच दिलंय." आमचं भांडण तिथेच संपलं.

आईचंही पत्र तुला आलं असेल. तिने गुडघ्याबद्दल लिहिलं असेल. गुडघा बरा आहे, आत्या. दुसरंच झालंय.

नोव्हेंबरात धाकटीला फिट आली. स्वयंपाकघरात, भर दुपारी. ताटं पडली तो आवाज ऐकून मी धावले. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी ठेवली, जसं डॉक्टरांनी शिकवलंय तसं. शुद्धीवर आल्यावर ती आधी पाणी मागायची, नाही तर आईला हाक मारायची. या वेळी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "कुणी व्हिडिओ काढला का?"

घरात मी एकटी होते. कोण काढणार होतं?

मग सगळं बाहेर आलं. तिने गोळ्या खरंच सोडल्या होत्या, ऑगस्टपासून. का, तर साक्षीत तसं बोलून गेली होती म्हणून. "मी देवाच्या नावाने खोटं बोलले, ताई. हजारो लोकांसमोर. मग ते निदान खरं तरी करायला हवं होतं ना?" हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला रागावता येईना. दुसऱ्या कुणाच्या घरची पोरगी खोटं पचवून मोकळी झाली असती. आमच्या घरात तुझी शिकवणी! पाच वर्षांची असताना चोरून खाल्लेल्या साखरेसाठी तिने तुझ्यापुढे कान धरले होते, आठवतं?

मी त्याच दिवशी आई-पप्पांना सांगितलं. डॉक्टरांनी झाप झाप झापलं आणि गोळ्या परत सुरू केल्या. फादर घरी आले. बिचारे खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "बाळ, गोळीसुद्धा देवच देतो. हे मी तेव्हाच माईकवर सांगायला हवं होतं." धाकटी हो म्हणाली. आता सगळ्यांना खरं सांगते असंही म्हणाली. चष्मा काढून फोनसमोर बसली, दोन वाक्यं बोलली, पुसली, परत बसली, परत पुसली. शेवटी एवढंच लिहिलं की गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. तर खाली हे एवढं! 'विश्वास ढळला का?' 'सैतानाने गाठलं वाटतं.' 'आम्हाला आमची मोकळी परत हवी.' तासाभरात तिने ते काढून टाकलं.

तेव्हापासून ती तो पहिला व्हिडिओच बघत बसते, स्वतःचाच. एकदा मला म्हणाली, "ताई, ही माझ्यापेक्षा किती चांगली आहे ना." मी म्हटलं, अगं वेडे, ती तूच आहेस. तर म्हणाली, "मी ती असते तर मला फिट आली असती का?" आत्या, मी चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई. याला काय उत्तर देऊ?

आणि एक मांजरवाली आहे. म्हणजे कोण ते कुणालाच माहीत नाही. फोटोच्या जागी पांढरी मांजर, नावाच्या जागी काही तरी अक्षरं नि आकडे. तिलाही फिट येतात. तिने सगळं मन धाकटीपुढे रिकामं केलं होतं, आणि डिसेंबरात तिचा निरोप आला: 'तुझं बघून मीही आज गोळ्या फेकल्या. आता मीपण मोकळी.' पुढे बदामच बदाम. धाकटीने त्याच मिनिटाला लिहिलं की घे, आत्ताच्या आत्ता घे, मी खोटं बोलले होते. उत्तर नाही. तिने रोज लिहिलं. तुझ्या आईचा नंबर दे, गाव सांग, नुसतं नाव तरी सांग. काहीच नाही. मांजर तशीच बघत बसली आहे.

आता धाकटी म्हणते, "ती घेत नसेल तर मी कशी घेऊ?"

मी समजावलं, पप्पांनी समजावलं, फादरांनी सांगितलं की असलं प्रायश्चित्त कुणीही मागितलेलं नाही. ती ऐकून घेते. सकाळी पप्पा गोळी हातावर ठेवतात, आई पाण्याचा पेला धरते, आणि नंतर लहान मुलासारखं तोंड उघडायला लावून बघते. सध्या घेते आहे. तू तिला लिही, आत्या. तुझं ती ऐकते. लवकर लिही.

तुझी,
थोरली

(धाकटीने सलाम सांगितला आहे. म्हणजे तिने सांगितला नाही, पण मी तिच्या वतीने सांगते.)


३० एप्रिल

प्रिय आत्या,

सलाम. तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

इथे सगळे ठीक आहेत, म्हणजे जेवतात आणि कामाला जातात. पप्पा परत बस चालवू लागले. पोरं मागे कितीही दंगा करोत, ओरडत नाहीत. पोरांनाच ते चमत्कारिक वाटतं, म्हणून ती हल्ली गप्प बसतात असं बसमधली बाई सांगत होती. आईचा गुडघा आता खरोखरच दुखतो. ती सकाळी पाण्याचा पेला भरते, ओट्यावर ठेवते, आणि दुपारी कुणीतरी तो ओततं. दुकानात मालकाने नवे आरसे लावलेत. पोस्टातला माणूस आता माझी थट्टा करत नाही.

मी हे सगळं का लिहिते आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तू विचारलंस की तुझं पत्र तिला मिळालं होतं का. मिळालं होतं. तिने ते उशीखाली ठेवलं होतं. तुझं शेवटचं वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, 'देवाला तू प्रेक्षकांशिवायही पुरेशी आहेस.' मग विचारलं, "आणि मला?" त्या वेळी मला वाटलं, चला, विचारते आहे म्हणजे विचार करते आहे. मला बरं वाटलं होतं.

मठाच्या मदरनी तुला काय नि किती सांगितलं ते मला ठाऊक नाही. शनिवारची सकाळ होती. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं आणि नळ चालू. आईला वाटलं, आंघोळ करते आहे. पाणी फार वेळ वाहिलं म्हणून आईने हाक मारली. पप्पांनी दार तोडलं. आत तिला फिट आली होती. याहून जास्त मला लिहवत नाही, आणि याहून जास्त काही नाहीही.

शवपेटीवाला घरी आला तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला. "मुलीला चष्मा घालायचा का?" आई म्हणाली, नको, लोकांनी तिला बिनचष्म्याचीच बघितली आहे. पप्पा म्हणाले, घरात ती कायम चष्म्यातच असायची. तिच्या उशाशी उभे राहून दोघं भांडले, आत्या. आमच्या घरात तशी भांडणं कधी झाली नव्हती. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले, कारण चष्म्यातलं मला कळतं.

मी म्हटलं, घालायचा. चष्मा न्हाणीघराच्या फळीवर होता. स्क्रू ढिला झाला होता तो पिळला. भिंगं पुसायचं कापड हवं होतं म्हणून तिच्या दप्तरातली डबी काढली, आमच्याच दुकानातली. कापड उलगडलं तर त्यात गोळ्या. अर्धवट विरघळलेल्या, कापडाला चिकटून बसलेल्या, कितीतरी. आई तोंड उघडायला लावून बघायची, पण जीभ वर करायला कुठे सांगायची! रविवारी चर्चमध्ये मी तिच्या मागच्या बाकावर असायची. फादरांपुढे ती ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीसाठी जीभ पुढे करायची, आणि ती मात्र गिळायची. मी बघितलं आहे. प्रभूला आत घेणारी पोर गोळी का बाहेर ठेवते, हे देवानेच मला कधीतरी सांगावं. मी विचारणार आहे, आणि गोडीने विचारणार नाही.

मी भिंगं माझ्या ओढणीने पुसली आणि चष्मा घातला. ती आपल्या धाकटीसारखी दिसत होती.

पप्पांनी निक्षून सांगितलं की तिच्या त्या जगात काही कळवायचं नाही. फोन माझ्याकडे आहे. तो पहिला व्हिडिओ मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. पण तो कधीच लोकांकडे गेलाय. कुणी त्यामागे संगीत लावलंय, कुणी मेणबत्त्या लावल्यात. ती अजून कान लाल करून सांगते आहे की मी गोळ्या फेकल्या, आणि खाली अजून 'आमेन' पडताहेत. दिसेल तिथे मी लिहिते की हे खरं नाही, गोळ्या घ्या. मला शिव्या पडतात. तिच्या स्वतःच्या पानावर लोक विचारतात, कुठे आहेस, आमच्यासाठी कधी बोलणार? तिथे ती मेलेली नाही, आत्या. एवढी हजारो माणसं तिला ओळखत होती आणि त्यांतल्या एकालाही कळलं नाही की ती गेली.

फादरांनी मला सांगितलं की दुःख देवापाशी घेऊन जा. जाते. बाकावर बसते, आणि काही येत नाही. तिकडूनही नाही नि माझ्याकडूनही नाही. हे तुला लिहायला लाज वाटते, पण तुला नाही तर कुणाला लिहू?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. परवा दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, तिचा फोन वाजला. मांजर. निरोप जसाच्या तसा लिहिते:

'ताई सॉरी सॉरी सॉरी!! तुला निरोप पाठवला आणि लगेच आईने फोन काढून घेतला, परीक्षा संपेपर्यंत. तुझे सगळे निरोप आज वाचले. तू किती काळजी करतेस! अगं मी गोळ्या फेकल्या ना, ते आईला चारच दिवसांत कळलं, असला मार बसलाय म्हणून सांगू. तेव्हापासून रोज घेते. तुला सांगायला लाज वाटते, तुझ्याएवढा विश्वास नाही ना माझा. रागावली नाहीस ना? तू कशी आहेस?'

आणि खाली तिने पहिल्यांदाच आपलं खरं नाव लिहिलंय.

चारच दिवसांत, आत्या. धाकटी माझ्यापाशी रडत होती तेव्हा ती पोरगी आईचा मार खाऊन गोळ्या गिळत होती. मी काउंटरखाली बसले. एक गिऱ्हाईक आलं, "कुणी आहे का?" म्हणालं, आणि निघून गेलं.

आधी वाटलं, तिला सगळं लिहावं. तिच्यामुळे काय झालं ते तिला कळू दे. मी लिहिलंही. अर्धं लिहिल्यावर मला दिसलं की ही तशीच आहे, पंधरा-सोळाची, लाजणारी, आपला विश्वास कमी पडला असं मानणारी. हिला कळलं तर हीसुद्धा उद्यापासून गोळी जिभेखाली ठेवेल. ते पुसलं. मग धाकटीच्या फोनवरून, धाकटीच्या त्या नावाने लिहिलं: 'मी रागावले नाही. मीपण रोज गोळी घेते. तूही घेत जा. मी बरी आहे.'

तिने लगेच बदाम पाठवला.

खोटी साक्ष दिली म्हणून जी पोर मेली, तिच्या नावाने मी आणखी एक खोटी साक्ष दिली. हे पाप असेल तर माझ्या खात्यावर राहू दे. मी त्यासाठी क्षमा मागणार नाही, आणि ती मला पुन्हा लिहील तेव्हा मी पुन्हा तेच लिहीन. ती 'कशी आहेस' विचारते, आणि दर वेळी मला 'बरी आहे' असं लिहावं लागणार आहे, हे कसं सोसायचं ते मात्र मला माहीत नाही.

सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यावर मांजरवालीचं खरं नाव आहे. संध्याकाळी वाचा.

धाकटीची चिठ्ठी ठेवलेली नाही. तिच्या बाप्तिस्म्याला फादरांनी विचारलं होतं, या बाळाचं नाव काय, आणि आई-पप्पांना रडू फुटलं म्हणून तू पुढे होऊन ते मोठ्याने सांगितलं होतंस. पप्पा ती गोष्ट शंभरदा सांगायचे, आता सांगत नाहीत. आई ते नाव तोंडातून काढत नाही, आणि त्या फोनमधल्या कुणाला ते कधी माहीतच नव्हतं. आता ते घेणारी तू एकटी आहेस. सावकाश घे, आत्या. मोठ्याने घे.

खाली 'थोरली' लिहायला गेले आणि हात थांबला.

तुझी,
भाची